फळाची मालकी

कर्म करीत राहावे आणि फळाची आशा धरू नये, हा उपदेश आपल्या कानांवर इतक्या लहानपणापासून पडत आलेला असतो, आणि कीर्तनकारापासून कचेरीतल्या वरिष्ठ कारकुनापर्यंत तो इतक्या जणांच्या तोंडून ऐकलेला असतो, की त्याच्या पोटात एक मोठी अडचण दडलेली आहे हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. ती अडचण अशी, की ज्याला फळाची खरोखरच पर्वा नाही त्याच्या हातून कर्म नेटके होत नाही. रोगी वाचो की न वाचो, आपण काढा दिला म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्या वैद्याला कोणी निष्काम म्हणणार नाही. तो बेपर्वा होय. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गीतारहस्या'त कर्मसंन्यासाच्या पक्षाशी जो प्रदीर्घ वाद घातला तो मुख्यतः ह्या बेपर्वाईला वैराग्याचे नाव मिळू नये म्हणून. आणि विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी प्रवचने दिली व साने गुरुजींनी जी लिहून घेतली, त्यांतही फळावरचे लक्ष काढून घेतलेला मनुष्य कर्मातच तन्मय होतो आणि म्हणून त्याचे कर्म अधिक चोख उतरते, असा विचार मोठ्या प्रसन्नपणे मांडलेला आहे.

ह्या दोन्ही थोर पुरुषांच्या विवेचनाने माझे पुष्कळसे समाधान झालेले असूनही एक शंका उरली ती उरलीच. कर्मात तन्मय झालेल्या माणसालाही ते कर्म सफळ व्हावे असे वाटते की नाही? वाटत असेल तर त्याने सोडले ते काय? वाटत नसेल तर तो तन्मय कशात झाला? नित्याच्या व्यवहारात कर्म करणारा आणि फळ घेणारा हा बहुधा एकच मनुष्य असल्यामुळे, फळाची इच्छा आणि ते फळ आपल्याच पदरात पडावे ही इच्छा, ह्या दोहोंची अशी काही सरमिसळ होऊन गेलेली असते की त्या वेगळ्या आहेत हे दाखविणारा प्रसंग सहसा हाती लागत नाही. मला तो लागला तो आपल्या मुलखापासून फार दूर, इंग्लंडातील स्त्रियांच्या रग्बीच्या खेळात. आणि ज्या व्यक्तीच्या निमित्ताने लागला ती व्यक्ती म्हणजे इंग्लंडच्या संघाची अनेक वर्षे कर्णधार असलेली व पुढे त्याच संघाची प्रशिक्षक झालेली सारा हंटर.

बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी पिढ्यान्‌पिढ्या खेळली जात असली तरी मराठी वाचकांपैकी बहुतेकांचा तिच्याशी परिचय नसणार, म्हणून आवश्यक तेवढेच सांगतो. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा. चेंडू हातात धरून प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे नेऊन जमिनीस टेकवावयाचा. त्याला 'ट्राय' म्हणतात. चेंडू हाताने पुढे फेकण्यास मनाई आहे, तो बाजूच्या किंवा मागून येणाऱ्या सहकाऱ्याकडेच देता येतो. आणि ज्याच्या हाती चेंडू आहे त्याला अंगाला मिठी घालून खाली पाडण्याची मुभा प्रतिपक्षास आहे. हंटरबाई ज्या स्थानावर खेळत ते आठ क्रमांकाचे. आठ-आठ जणींचे दोन जथे खांद्याला खांदा भिडवून जेव्हा एकमेकांना रेटतात, त्या 'स्क्रम'मध्ये ही आठवी खेळाडू सर्वांत मागे, पुढच्या दोघींच्या कमरांमध्ये डोके घालून वाकलेली असते; चेंडू पुढून पायापायांतून सरकत तिच्या पावलांशी येऊन थांबतो, आणि तो तेथेच धरून ठेवावयाचा, मागे उभ्या असलेल्या सहकारिणीस घेऊ द्यावयाचा की स्वतः उचलून धावत सुटावयाचे, ह्याचा निर्णय बहुधा तिचा. पुढल्या सातजणींच्या श्रमाचे फळ अक्षरशः तिच्या पायाशी येऊन पडते.

टाइन नदीच्या मुखाशी वसलेल्या नॉर्थ शील्ड्स ह्या गावी १९८५ साली जन्मलेल्या ह्या बाई २००७ साली स्कॉटलंडविरुद्ध प्रथम इंग्लंडकडून खेळल्या, आणि २०२३ च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस, आपल्या जन्मगावाजवळच्या न्यूकासल शहरी, पुन्हा स्कॉटलंडविरुद्धच १४१ वा सामना खेळून निवृत्त झाल्या. तोवर जगात कोणत्याही स्त्रीने इतके आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले नव्हते. २०१४ साली पॅरिस येथे विश्वचषक जिंकणाऱ्या संघात त्या होत्या. २०१६ साली जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. परंतु कर्णधार म्हणून जे फळ त्यांच्या हाती यावयास हवे होते ते दोनदा अगदी ओठांशी येऊन निसटले. २०१७ साली बेलफास्टच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने ४१–३२ अशी मात केली. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑकलंड येथे तर लागोपाठ तीस सामने जिंकून आलेला त्यांचा संघ, अठराव्या मिनिटास एक खेळाडू बाद होऊन उरलेला तासाभराहून अधिक वेळ चौदाजणींनिशी लढूनही, अवघ्या तीन गुणांनी मागे होता. शेवटच्या मिनिटास न्यूझीलंडच्या सीमेपासून काही पावलांवर चेंडू आत फेकण्याचा हक्क इंग्लंडला मिळाला, आणि तो उंच फेकलेला चेंडू न्यूझीलंडच्या खेळाडूने हवेतच हिसकावला. ३४–३१. त्यानंतर साडेचार महिन्यांनी हंटरबाईंनी खेळ थांबविला.

आणि मग, २७ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या ट्विकनम मैदानावर, ८१,८८५ प्रेक्षकांसमोर, इंग्लंडने कॅनडाचा ३३–१३ असा पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हा हंटरबाई त्या संघाच्या बचावाच्या प्रशिक्षक होत्या. त्यांची आठ क्रमांकाची जर्सी त्या दिवशी ॲलेक्स मॅथ्यूज हिच्या अंगावर होती. २०२२ च्या त्या पराभवात ती त्यांच्याच शेजारी खेळली होती. मॅथ्यूजने त्या सामन्यात दोन ट्राय नोंदविले.

बचाव शिकविणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहिल्यावाचून माझ्या प्रश्नाचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूस पाडणे, ज्याला 'टॅकल' म्हणतात, ते नवशिक्यास प्रथम गुडघ्यांवर बसवून, सावकाश, एकेक अवयव जागच्या जागी नेऊन शिकवावे लागते. नजर वर हवी. पावले एकदम लांब न टाकता शेवटी आखूड होत गेली पाहिजेत. प्रथम भिडला पाहिजे तो खांदा, मग दोन्ही बाहूंनी विळखा घालावयाचा, आणि मग पायांनी रेटा द्यावयाचा. डोके मात्र धावणाऱ्याच्या मागल्या बाजूसच राहिले पाहिजे, गाल त्याच्या मांडीला चिकटला पाहिजे. ते चुकून समोर आले तर त्याचा गुडघा किंवा कंबर सरळ कपाळावर आदळते आणि गंभीर इजा होते. हे एकीचे झाले. पंधराजणींचे असे, की सर्वांनी एका रेषेत पुढे सरावयाचे असते. एखादी उतावीळपणे दोन पावले पुढे गेली की तिच्या शेजारी भगदाड पडते, आणि एखादी भिऊन दोन पावले मागे राहिली तरी पडते. हे सारे सांगता येते, पुनःपुन्हा करवून घेता येते, चित्रफीत थांबवून चुकीच्या पावलावर बोट ठेवता येते. परंतु भरधाव येणारे शरीर हाताच्या अंतरावर आले असता, डोळे न मिटता, त्याच्या वाटेत स्वतःचा खांदा घालण्याचा जो क्षणार्धाचा निश्चय, तो मात्र दुसऱ्याच्या ठायी ठेवता येत नाही. ज्या स्त्रीने तो निश्चय सोळा वर्षे स्वतःच्या अस्थिमांसाने केला, तिला तो कसा करतात हे पूर्णपणे ठाऊक आहे, आणि तरीही तिच्याजवळचे नेमके हेच ज्ञान अहस्तांतरणीय आहे. सामना सुरू झाला की ती दूर, उंचावर, प्रेक्षागारात बसलेली असते. फार तर पाणी घेऊन मैदानात जाणाऱ्याबरोबर एखादा निरोप धाडता येईल.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव, आणि असे असताना जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याला दृष्टीच नाही, असेही तेथे बजावले आहे. खेळणाऱ्याला ह्याचा विसर पडणे स्वाभाविक आहे, कारण देह त्याचा, इंद्रिये त्याची, धडपड त्याची. पाचांपैकी चार जागा त्याच्याच वहिवाटीत असल्यावर पाचवीकडे तो कशाला पाहील? प्रशिक्षकाची स्थिती ह्याच्या बरोबर उलट आहे. देह दुसरीचा, कर्तेपण दुसरीचे, हातपाय दुसरीचे, दैव कोणाचेच नव्हे. उरल्या त्या चेष्टा, आणि त्यांतल्याही सामन्याच्या दिवसापूर्वीच्या तेवढ्या तिच्या. तरीही इच्छा संपूर्ण शिल्लक आहे. आपला संघ जिंकावा, पडलेली खेळाडू धडपणे उठावी, ते भगदाड पडू नये, ही तळमळ प्रेक्षागारात बसलेल्या त्या प्रशिक्षकाच्या ठायी मैदानावरच्या पंधराजणींहून तिळभरही उणी नसते; उलट तिला वाट देणारे शरीर हाती नसल्यामुळे ती अधिकच दाटून येत असली पाहिजे. फळाची इच्छा आणि फळाची मालकी ह्या दोन वस्तू येथे एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या झालेल्या दिसतात, आणि मला असे वाटते की सोडावयाची ती ही दुसरी. पहिली सोडण्याची आज्ञा कोणी केलेली नाही, आणि करूही नये. ज्ञानी पुरुषाने कर्म करावे ते लोकसंग्रहाची इच्छा धरून, असे गीतेतच सांगितलेले असल्यामुळे, इच्छामात्राचा उच्छेद हा तिचा अभिप्राय असणे शक्य नाही, असे माझे नम्र मत आहे.

येथे कोणालाही शस्त्र हाती न धरण्याचे वचन देऊन रथावर बसलेला श्रीकृष्ण आठवेल. परंतु तो दाखला मला येथे पुरेसा लागू वाटत नाही. श्रीकृष्णाला ह्या त्रिभुवनात मिळवावयाचे असे काही उरलेलेच नव्हते, आणि त्याने शस्त्र ठेवले ते आपल्या खुशीने. प्रशिक्षकाचे शस्त्र वय काढून घेते. शिवाय त्याला मिळवावयाचे पुष्कळ राहून गेलेले असते. ऑकलंडची ती अखेरची मिनिटे ज्याच्या वाट्याला आली आहेत त्या मनुष्याच्या निर्ममतेची किंमत पूर्णकामाच्या निर्ममतेहून निराळी, आणि मनुष्याच्या दृष्टीने पाहता अधिक, होय.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. प्रशिक्षक अहंकारी नसतात हे कोणी सांगितले? विजयाचे श्रेय सर्वप्रथम आपल्या दप्तरी जमा करणारे प्रशिक्षक सर्व खेळांत, सर्व देशांत आहेत. त्यांच्या बाबतीत मालकी सुटत तर नाहीच, उलट एका देहाऐवजी पंधरा देहांवर तिचा अंमल बसतो. हे मी नाकारीत नाही. कोणाच्या अंतःकरणात काय चालले आहे ह्याचा निवाडा मी करीतही नाही; मला सांगावयाचे आहे ते त्या स्थानाविषयी. त्या स्थानावर एक कसोटी आपोआप घडते, जी खेळणाऱ्याच्या वाट्यास तितक्या स्पष्टपणे येत नाही. ट्विकनमच्या त्या सामन्यात पहिला ट्राय कॅनडाचा झाला; काही मिनिटांतच इंग्लंडच्या एली किल्डन हिने प्रतिपक्षाच्या खेळाडूंना एकटीने चुकवीत, कोणाच्याही आराखड्यात न बसणारी धाव घेऊन बरोबरी साधून दिली. तसली धाव शिकविता येत नाही. जे आपण शिकविले ते यशस्वी झाले तर होणारा आनंद, आणि जे आपण शिकविलेच नव्हते ते यशस्वी झाले तर होणारा आनंद, हे दोन्ही ज्या प्रशिक्षकाच्या ठायी सारखेच असतील त्याची मालकी सुटली. पहिल्याहून दुसरा रतिमात्र कमी असेल तर तितकी ती अद्याप शिल्लक आहे. शिक्षकाच्या, आईबापांच्या, ग्रंथकाराच्या आयुष्यातही हा क्षण येतो, परंतु इतक्या उघड्यावर आणि इतक्या थोड्या सेकंदांत नव्हे.

परंतु ह्या विचाराची एक बाजू आहे जिच्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फळ सोडण्याचा उपदेश आजवर सर्वांत अधिक कोणाला केला गेला आहे? स्त्रियांना. कुटुंबासाठी झिजावे आणि नावाची अपेक्षा करू नये, हे त्यांना सांगताना आपण शास्त्राचा आधार घेतला आणि त्यागाची थोरवी गायिली. परंतु दानपत्र करून देण्यापूर्वी मालमत्ता आधी स्वतःच्या नावावर असावी लागते, ही साधी गोष्ट आपण विसरलो. जिला हक्कच कधी मिळाला नाही तिच्या हातून हक्काचा त्याग होऊ शकत नाही. तिचे फक्त हिरावून घेतलेले असते. स्त्रियांची रग्बी हा ह्याचा जिवंत पुरावा आहे. त्यांचा पहिला विश्वचषक १९९१ साली वेल्समध्ये झाला तो खेळाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या पाठिंब्यावाचून, चार स्त्रियांनी स्वतःच्या उमेदीवर भरविला म्हणून. बारा संघ आपापल्या खर्चाची तजवीज करून आले, आणि सोव्हिएत खेळाडूंनी तर खर्च भागविण्यासाठी विकावयाला वोडका बरोबर आणली होती. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९–६ असे हरविले. हंटरबाईंनी खेळण्यास आरंभ केला तेव्हा, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, इंग्लंडच्या बहुतेक खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळत. २८ जणींना पूर्णवेळ करार मिळाले ते २०१९ च्या जानेवारीत. म्हणजे मालकी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वी ती मिळविण्याचाच लढा एका पिढीस लढावा लागला. १९९१ ची स्पर्धा भरविणाऱ्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन ह्या २०२५ साली इंग्लंडच्या रग्बी महासंघाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, आणि त्याच वर्षी त्यांच्याच महासंघाच्या मैदानावर तो चषक जिंकला गेला, हे वाचून मला मनापासून भरून आले. चौतीस वर्षांपूर्वी लावलेल्या ह्या रोपाचे फळ इंग्लंडपुरतेही नव्हे. हरलेल्या कॅनडाच्या खेळाडूंनी लोकांकडून वर्गणी गोळा करून अंतिम फेरी गाठली होती, आणि त्यांचाही त्यात तितकाच वाटा आहे.

शिकविण्याच्या अधिकाराची गोष्ट तर अद्याप अर्ध्या वाटेवर आहे. इंग्लंडच्या ह्या विजयी संघाचे मुख्य प्रशिक्षक जॉन मिचेल हे पुरुष होते. २०२२ च्या विश्वचषकातील बारा संघांपैकी मुख्य प्रशिक्षकपद स्त्रीकडे होते ते एकट्या जपानच्या, कॅनडाकडून खेळलेल्या लेस्ली मॅकेंझी ह्यांच्याकडे. २०२५ साली सोळा संघांत त्यांच्या जोडीला ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षक, इंग्लंडच्या माजी कर्णधार जो यॅप आणि डेव्हिड ऑर्टिझ ह्यांच्यासमवेत फ्रान्सची जबाबदारी सांभाळणाऱ्या गाएल मिन्यो होत्या.

ह्या मिन्योबाईंचा विचार केल्याखेरीज मी वर मांडलेले मत कसास लागले असे मला म्हणता यावयाचे नाही, कारण हंटरबाईंचा दाखला माझ्या मताला जरा अतिच सोयीचा आहे: त्यांचे फळ उशिरा का होईना आले, दुसऱ्यांच्या हाती का होईना आले. मिन्यो ह्या २०१४ साली फ्रान्सच्या कर्णधार होत्या. स्पर्धा त्यांच्याच देशात होती, आणि पॅरिसच्या उपांत्य सामन्यात कॅनडाने त्यांना १८–१६ असे दोन गुणांनी हरविले. फ्रान्सच्या स्त्रिया आजतागायत एकदाही विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या नाहीत. अकरा वर्षांनी प्रशिक्षक म्हणून मिन्यो पुन्हा उपांत्य सामन्यात उभ्या राहिल्या, ब्रिस्टल येथे, इंग्लंडविरुद्ध. आणि ३५–१७ असा पराभव झाला. त्या दिवशी त्यांच्या संघाला अडविणारा तो बचाव हंटरबाईंनी शिकविलेला होता. मालकी सोडणाऱ्यासही फळ कोठेतरी, कोणाच्या तरी पदरात पडलेले पाहावयास मिळेल, असा जर काही करार ह्या उपदेशात अध्याहृत असेल, तर मिन्यो ह्यांच्या बाबतीत तो मोडला आहे. माझ्या मते तसा करार त्यात नाहीच. इच्छा ठेवण्याची परवानगी आहे, आणि तिच्याबरोबर ती अपुरी राहण्याचे दुःखही ठेवावे लागते. मालकी सोडल्याने ते दुःख हलके होते असे मला प्रामाणिकपणे म्हणवत नाही, कारण आपल्या पराभवाहून आपण घडविलेल्यांचा पराभव पाहणे कित्येकदा अधिक जड जाते. मात्र ह्या दुःखात मत्सराला जागा उरत नाही, आणि मागल्या उपांत्य सामन्यातील आपल्या हुकलेल्या विजयाची भरपाई आजच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलींकडून वसूल करण्याचा मोह ज्याला होत नाही, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली त्या मुली पुढल्या हंगामात निर्भयपणे खांदा पुढे करतात.